इजाजत मागणारी चौकट



या अंकात मुलांच्या अभ्यासाच्या वेळापत्रकाविषयी लिहायचे ठरवले होते. पण मध्यंतरी एक प्रसंग घडला आणि तो विषय पुढच्या अंकावर ढकलावा लागला. प्रसंग माझ्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिला आणि तिच्या आई-वडिलांना विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मुलगी दहावीत आहे. अभ्यासात चांगली, वर्गात बोलकी. पण काही दिवस ती गप्प गप्प दिसू लागली. शाळा सुटली तरी वर्गातच रेंगाळायची. चार-पाच मुलींचा घोळका निघाला की मग त्यांच्याबरोबर बाहेर पडायची. विचारले की म्हणायची, “काही नाही, टीचर.” एक दिवस सगळ्या मुली गेल्या, ही तेवढी बाकावर बसून राहिली. मी शेजारी जाऊन बसले, तशी तिला रडू कोसळले.

झाले असे. तिच्या आईच्या फोनवर अनोळखी नंबरवरून एक मेसेज आला. ‘स्कॉलरशिपची यादी लागली आहे, तुमचे नाव पाहा.’ खाली लिंक. अभ्यासासाठी आईचा फोन हिच्याच हातात असतो. हिने लिंक उघडली. स्क्रीनवर एक छोटी चौकट आली. या वेबसाइटला तुमचे लोकेशन हवे आहे, द्यायचे की नाही? यादी पाहायची घाई. हिने ‘द्या’ वर बोट ठेवले. यादी काही उघडली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच नंबरवरून नकाशाचे एक चित्र आले. त्यावर त्यांच्याच गल्लीत लाल खूण. खाली एक ओळ, “इथेच राहतेस ना?”

आठ दिवस तिने हे घरात कोणालाच सांगितले नाही. मी विचारले, “अम्मीला का नाही सांगितलेस?” ती म्हणाली, “फोन काढून घेतील, टीचर. आणि ट्यूशनपण बंद करतील.”

तिला भीती त्या अनोळखी माणसाची होतीच. पण आपल्याच घरच्यांची भीती तिला जास्त वाटत होती. हे ऐकल्यावर मला रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आई-वडिलांना शाळेत बोलावले. मुलीने सांगितले होते तेच झाले. वडील म्हणाले, “मॅडम, आजपासून फोन बंद. ट्यूशन बंद. परीक्षेपुरती येईल, तीही भावाबरोबर.” आई पदराने डोळे पुसत होती. मी म्हटले, “भाईसाहेब, तुमचा फोन जरा पाहू का?” त्यांनी दिला. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये गेले आणि लोकेशनची यादी उघडून त्यांच्यासमोर धरली. चौदा वेबसाइटना त्यांनी घराचा ठावठिकाणा देऊन ठेवला होता. क्रिकेटचा स्कोअर, जुन्या गाड्यांची विक्री, लग्नाचा हॉल, सोन्याचा भाव, रमजानच्या वेळा आणि असेच काही.

“मी कधी दिले?” त्यांनी विचारले. मग थोडे थांबून स्वतःच म्हणाले, “चौकट आली की बोट लावतो, मॅडम. नाहीतर पुढे जात नाही असे वाटते.”

“लेकीनेही तेच केले,” मी म्हटले.

ते काही बोलले नाहीत. घरी जाऊन मी माझाही फोन तपासला. नऊ वेबसाइट निघाल्या. त्यातल्या तीन कसल्या आहेत हेसुद्धा मला आठवेना. मुलांना शिकवणारी मी, माझी ही गत! म्हणून हा लेख.

ही चौकट मागते काय?

ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण वेबसाइट पाहतो तो प्रोग्रॅम. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज ही त्यांची नावे. वेबसाइटला तुम्ही कुठे आहात हे हवे असेल, तर तिला ते ब्राउझरकडे मागावे लागते आणि ब्राउझर तुम्हाला विचारतो. तुम्ही हो म्हटल्याशिवाय तो ठिकाण सांगत नाही. हा नियम चांगला आहे. पण त्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा आपण चौकट वाचतो.

हो म्हटले की काय जाते? मोकळ्या जागेत फोन उपग्रहांच्या मदतीने काही मीटरपर्यंत अचूक जागा सांगू शकतो. घरात असाल तर आजूबाजूच्या घरांतले वाय-फाय आणि मोबाइलचे टॉवर यांवरून हिशेब करतो. कोणते वाय-फाय कुठे आहे याच्या मोठ्या नोंदी कंपन्यांकडे असतात. म्हणून तर उपग्रहाची सोय नसलेल्या लॅपटॉपलाही आपला मोहल्ला कळतो.

नाही म्हटले तर? तरीही इंटरनेटच्या जोडणीवरून वेबसाइटला शहराचा अंदाज बांधता येतो. तो पुष्कळदा चुकतो. तुम्ही मिरजेत असता आणि वेबसाइट तुम्हाला पुण्यात समजते. पण शहर कळणे वेगळे आणि गल्लीतले घर कळणे वेगळे.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. पहिला, पत्त्याच्या पट्टीत कुलपाचे चिन्ह दिसले की लोक म्हणतात, वेबसाइट सुरक्षित आहे. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि वेबसाइटच्या मधल्या वाटेवर कोणी माहिती वाचू शकत नाही. समोरचा माणूस प्रामाणिक आहे असा त्याचा अर्थ नाही. क्रोमने तर २०१६ पासून असा नियमच केला की अशी सुरक्षित जोडणी असलेल्या वेबसाइटलाच लोकेशन मागता येईल. म्हणजे फसवणाऱ्या वेबसाइटलाही ही जोडणी घ्यावीच लागते, आणि ती सहज मिळते.

दुसरा गैरसमज म्हणजे परवानगी काढून घेतली की सगळे पुसले गेले. तसे नाही. वेबसाइट तुमच्या फोनवर उघडी असते तेव्हाच तिला ठिकाण मिळते, बंद केल्यावर ती तुमच्या मागे फिरत नाही. पण जे एकदा गेले ते तिच्याकडे राहते. परवानगी काढली की पुढचे जाणे थांबते, एवढेच. म्हणून नाही म्हणायचे ते पहिल्याच वेळी.

नमाजच्या वेळेसाठी घराचा पत्ता कशाला?

आपल्या घरांत ही परवानगी सर्वांत जास्त कशासाठी दिली जाते? नमाजच्या वेळा, सहरी-इफ्तार आणि किब्ल्याची दिशा. “दीनचे काम आहे, त्याला काय हरकत,” असे म्हणून आपण बिनधास्त हो म्हणतो. म्हणून थोडा हिशेब पाहू. गणिताच्या तासाला मुलांनाही मी हाच करायला दिला.

पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. मुंबई साधारण ७३ रेखांशावर आहे आणि नागपूर ७९ वर. फरक सहा अंशांचा, म्हणजे मुंबई आणि नागपूर यांच्या जुहरच्या वेळेत जवळपास २५ मिनिटांचा फरक पडतो. म्हणून वेळ काढायला शहर माहीत असणे जरूर आहे, हे खरे.

आता पुढे जाऊ. आपल्या भागात एक अंश म्हणजे पूर्व-पश्चिम सुमारे १०५ किलोमीटर. म्हणजे एका मिनिटाचा फरक पडायला पूर्वेला किंवा पश्चिमेला २६ किलोमीटर जावे लागते. तुमचे घर मशिदीपासून एक किलोमीटरवर असेल, तर वेळेत फरक दोन-तीन सेकंदांचा. मग दहा मीटरपर्यंत अचूक घर सांगून इफ्तारच्या वेळेत काय सुधारणा होणार? काहीच नाही. पूर्वी मशिदीत छापील कॅलेंडर यायचे, आजही येते. त्यावर एका शहराच्या वेळा असतात आणि खाली आजूबाजूच्या गावांसाठी अमुक मिनिटे कमी, अमुक जास्त असे लिहिलेले असते. त्या कॅलेंडरने कधी कोणाला गल्लीचे नाव विचारले नाही.

किब्ल्याचेही तसेच. महाराष्ट्रातून किब्ला पश्चिमेकडे, किंचित उत्तरेला झुकलेला. शहर बदलले तर अंशांचा थोडा फरक पडेल, गल्ली बदलल्याने पडणार नाही. तेव्हा नमाजच्या वेबसाइटवर लोकेशनला ‘नाही’ म्हणा आणि शोधण्याच्या जागेत आपल्या शहराचे नाव लिहा. बहुतेक वेबसाइटवर ही सोय असते.

हे मी उगाच सांगत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या ‘मदरबोर्ड’ या वृत्त-वेबसाइटने एक बातमी दिली होती. जगभरात नऊ कोटींहून अधिक वेळा डाउनलोड झालेल्या ‘मुस्लिम प्रो’ या नमाजच्या अ‍ॅपमधून लोकांचे लोकेशन ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होते. ती कंपनी अशी माहिती विकायची आणि तिच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्करासाठी काम करणारे कंत्राटदार होते. अ‍ॅपवाल्यांनी लष्कराला थेट माहिती विकल्याचे नाकारले आणि एक्स-मोडशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोड आणि तिच्या जागी आलेल्या कंपनीला संवेदनशील ठिकाणांची लोकेशन माहिती विकण्यास मनाई केली. दवाखाने, प्रार्थनास्थळे, पीडित स्त्रियांची आश्रयगृहे ही अशीच ठिकाणे.

ही गोष्ट अ‍ॅपची होती, ब्राउझरमधल्या वेबसाइटची नव्हती. पण धडा दोघांनाही लागू आहे. ज्याला आपण ठिकाण सांगतो, ते त्याच्याजवळच राहील याची खात्री नाही. अमानत ज्याच्या हाती द्यायची, तो अमानतदार आहे का हे आधी पाहावे लागते.

दोन दारे आहेत, दोन्ही तपासा

इमारतीत राहणाऱ्यांना हे लगेच समजेल. एक इमारतीचे फाटक, एक आपल्या घराचे दार. फोनचे लोकेशन हे फाटक. ब्राउझरमध्ये प्रत्येक वेबसाइटला दिलेली परवानगी हे घराचे दार. आपण फाटक उघडे ठेवतो आणि दाराला कडी आहे की नाही हे विसरतो. आज रात्री इशाच्या नमाजनंतर दहा मिनिटे काढा आणि पुढे सांगते तसे करा. फोनची भाषा आणि कंपनी यांप्रमाणे शब्द थोडे इकडेतिकडे असतील, पण वाट हीच.

आधी दार. अँड्रॉइड फोनवर क्रोम उघडा. वर उजवीकडे तीन ठिपके आहेत, त्यांवर बोट ठेवा आणि ‘सेटिंग्ज’ मध्ये जा. तिथे ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘लोकेशन’ किंवा ‘स्थान’. इथे आजवर तुम्ही कोणाकोणाला हो म्हटले आणि कोणाला नाही, याची यादी दिसेल. एकेक नाव वाचा. ओळखीचे नसेल तर त्यावर बोट ठेवून बंद करा.

इथे दोन पर्याय दिसतील, त्यांतला फरक लक्षात घ्या. ‘ब्लॉक’ केले तर ती वेबसाइट तुम्हाला पुन्हा विचारणारच नाही, उत्तर कायमचे नाही. नुसते नाव ‘काढून टाकले’, तर पुढच्या वेळी ती पुन्हा विचारेल. ज्या वेबसाइटचे तोंडही पाहायचे नाही तिला ब्लॉक करा. कधीमधी लागणारी असेल तर नाव काढून टाका.

एखादी वेबसाइट उघडलेली असतानाच तिची परवानगी पाहायची असेल, तर पत्त्याच्या पट्टीत डावीकडे एक छोटे चिन्ह असते. त्यावर बोट ठेवले की ‘परवानग्या’ दिसतात. तिथूनही बंद करता येते.

आता फाटक. फोनच्या मुख्य सेटिंग्जमध्ये ‘लोकेशन’, त्यात ‘अ‍ॅप परवानग्या’. तिथे क्रोम शोधा. ‘दर वेळी विचारा’ किंवा ‘फक्त अ‍ॅप वापरताना’ यांपैकी एक ठेवा. फोन अँड्रॉइड १२ किंवा त्यानंतरचा असेल, तर तिथेच ‘अचूक लोकेशन’ असे एक बटण मिळेल. ते बंद ठेवले की ब्राउझरला तुमचे घर कळत नाही, फक्त साधारण परिसर कळतो. नमाजच्या वेळा, हवामान, जवळची बँक यांसाठी परिसर पुरेसा आहे. रिक्षा किंवा गाडी बोलवायची असेल तेव्हा तेवढ्यापुरते सुरू करा.

आयफोन असेल तर ‘सेटिंग्ज’, मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘लोकेशन सर्व्हिसेस’, आणि त्यात ‘सफारी वेबसाइट्स’. तिथेही कधीच नको, पुढच्या वेळी विचारा आणि वापरताना, असे पर्याय आहेत. अचूक लोकेशनचे बटणही तिथेच आहे.

संगणकावर क्रोम आणि एजमध्ये वाट साधारण फोनसारखीच आहे. फायरफॉक्समध्ये ‘सेटिंग्ज’, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, आणि खाली ‘परमिशन्स’ मध्ये ‘लोकेशन’. फायरफॉक्सच्या चौकटीत ‘हा निर्णय लक्षात ठेवा’ अशी एक खूण करायची जागा असते. तिथे खूण केली नाही तर दिलेली परवानगी तात्पुरती राहते. क्रोमच्या नव्या आवृत्त्यांमध्येही ‘फक्त या वेळी’ असा पर्याय येतो. शंका असेल आणि काम अडले असेल, तर हाच पर्याय घ्या.

आणखी एक. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकमध्ये एखादी लिंक उघडली, तर ती पुष्कळदा क्रोममध्ये न जाता त्या अ‍ॅपच्याच आतल्या खिडकीत उघडते. म्हणून ‘अ‍ॅप परवानग्या’ मध्ये गेलाच आहात तर या अ‍ॅपच्या नावांपुढे काय लिहिले आहे तेही पाहून घ्या.

कोणाला हो आणि कोणाला नाही, यासाठी मी मुलींना एकच प्रश्न शिकवला आहे. “मी कुठे आहे हे कळल्याशिवाय याचे काम होणार नाही का?” नकाशावर रस्ता शोधताना हो, होणार नाही. जवळचे रुग्णालय शोधताना होणार नाही. पण दहावीचा निकाल, स्कॉलरशिपची यादी, बिर्याणीची कृती, मेहंदीचे डिझाइन, बातम्या, क्रिकेटचा स्कोअर यांना तुमच्या गल्लीशी काय देणेघेणे? यांनी विचारले तर उत्तर नाही. आणि मेसेजमधून आलेल्या लिंकने विचारले, तर नाही म्हणून ते पानच बंद करायचे.

‘परत जा’ म्हणण्याचा हक्क

हे सगळे आपल्यासाठी नवे नाही, असे मला राहून राहून वाटते. कुरआनच्या सूरह अन-नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात जाण्याचा अदब शिकवला आहे. परवानगी घेतल्याशिवाय आणि घरच्यांना सलाम केल्याशिवाय आत जाऊ नये. आणि परत जा असे सांगितले तर परत जावे, त्यातच पावित्र्य आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले की तीनदा परवानगी मागावी, मिळाली नाही तर निघून जावे. परवानगीचा हा नियम मुळात नजरेसाठी आहे, हेही त्यांनीच समजावले. दाराच्या फटीतून आत पाहणे त्यांना अत्यंत नापसंत होते.

आपण लहानपणापासून हे ऐकतो आणि त्यातून मागणाऱ्याचे कर्तव्य तेवढे लक्षात ठेवतो. पण यात घरातल्या माणसाचा हक्कही आहे. त्याला ‘आता नको’ म्हणता येते. त्यासाठी कारण द्यावे लागत नाही आणि ऐकणाऱ्याने राग मानायचा नाही. आपल्याला मात्र नाही म्हणणे जड जाते. पाहुण्याला नाही म्हणवत नाही, उधार मागणाऱ्याला नाही म्हणवत नाही आणि आता तर स्क्रीनवरच्या चौकटीलाही नाही म्हणवत नाही.

त्याच सूरहमध्ये पुढे घरातल्या लहान मुलांनी आणि सेवकांनीही तीन वेळांना आत येण्याआधी विचारावे असे सांगितले आहे. फजरच्या आधी, दुपारी विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर. म्हणजे जो रोज घरात वावरतो, त्याची परवानगीसुद्धा सदासर्वकाळची नाही. त्यालाही वेळ पाहून पुन्हा विचारावे लागते. मग कुठल्या तरी अनोळखी वेबसाइटला आपण कायमची परवानगी का द्यावी?

आपल्या देशाचा कायदाही आता याच दिशेने आला आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात म्हटले आहे की संमती समजून-उमजून आणि मोकळ्या मनाने दिलेली असावी, आणि जितक्या सहज ती दिली तितक्याच सहज ती काढून घेता यावी.

चूक झालीच तर

माझ्या विद्यार्थिनीसारखे कोणाबाबत झाले तर घाबरून मेसेज पुसून टाकू नका. तोच पुरावा आहे. नंबर, तारीख आणि लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. उत्तर देऊ नका, शिवी देऊ नका, “कोण आहेस?” असेही विचारू नका. मग नंबर ब्लॉक करा. ब्राउझरमध्ये जाऊन त्या वेबसाइटची परवानगी काढा. आणि त्याच दिवशी घरातल्या मोठ्या माणसाला सांगा.

केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या तक्रारींसाठी वेगळी सोय आहे. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० वर फोन करा. धोका समोर असेल तर ११२, आणि मुलांसाठी १०९८. मुलीने नको म्हटल्यावरही एखादा पुरुष तिचा पाठलाग करत राहिला किंवा वारंवार संपर्क साधत राहिला, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात जायला संकोच वाटत असेल तर शाळेतल्या शिक्षकांना सोबत न्या. आम्ही येतो.

फोन काढून घ्यायचा का?

पुन्हा त्या वडिलांकडे येते. त्यांचा राग मी समजू शकते. मुलीच्या काळजीतूनच तो आला होता. पण विचार करा. मुलगी रस्त्याने जाते आणि कोणी तिला चुकीचा पत्ता सांगून फसवले, तर आपण तिला रस्ते ओळखायला शिकवतो की पाय बांधून घरात बसवतो? फोन काढून घेतला तर तो अनोळखी माणूस काही सुधारणार नाही. फक्त पुढच्या वेळी मुलगी आपल्याला सांगणार नाही. आठ दिवसांऐवजी आठ महिने गप्प राहील. आणि तेवढ्यात काय होईल ते अल्लाहलाच ठाऊक.

काही घरांत दुसरे टोक असते. आई-वडील मुलांच्या फोनवर गुपचूप पाळत ठेवतात. सूरह अल-हुजुरातमध्ये संशय आणि हेरगिरी यांपासून दूर राहण्याची ताकीद आहे. मुले लहान असतील तर लक्ष ठेवणे आपली जबाबदारी आहे, पण ते त्यांना सांगून, समजावून असावे. उशिरा ट्यूशनहून येणाऱ्या मुलीने घरच्यांना आपले लोकेशन पाठवावे असे ठरवले, तर चांगलेच आहे. पण ते तिच्या संमतीने ठरवा आणि वडील व भाऊही उशिरा येताना तसेच करू देत. मग ती पाळत राहत नाही, एकमेकांची काळजी होते.

त्या दिवशी शाळेत आम्ही चौघे तासभर बसलो होतो. वडिलांच्या फोनवरची नावे मुलीनेच एकेक करून काढली. ते प्रत्येक नावाला विचारत होते, “हे कसले?” आणि ती वाचून सांगत होती. शेवटी यादीत एकच नाव उरले, नकाशाचे. मग ते चौघा-पाच जणांच्या ओळखीने पोलीस ठाण्यात गेले, तक्रार दिली. त्या नंबरवरून पुन्हा मेसेज आला नाही. ट्यूशन सुरू आहे. फोन आईचाच आहे आणि अभ्यासाच्या वेळी मुलीकडेच असतो. सकाळी गॅरेजवर जाताना वडील तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडतात. परवा मला म्हणाले, “मॅडम, आता चौकट आली की मी तिलाच हाक मारतो. वाच गं, काय मागतोय ते.”

माझी विनंती एवढीच. हा अंक हातातून ठेवण्याआधी घरातल्या मुलीला किंवा मुलाला जवळ बोलवा. आपला फोन त्यांच्यासमोर ठेवा आणि यादी दोघे मिळून तपासा. आधी आपली, मग त्यांची. तुमच्या यादीत किती नावे निघाली ते त्यांना पाहू द्या. आपल्या चुका त्यांनी पाहिल्या, तर त्यांच्या चुका ते आपल्याला सांगतील.

अल्लाह आपल्या सर्वांच्या घरांची आणि लेकरांची हिफाजत करो. आमीन.